पेंग्विन बर्फात का राहतो? एका किनारी गावातील बालवर्गाची आभासी सहल

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका गावात मराठी माध्यमाच्या शाळेला जोडून बालवर्ग चालतो. गाव, शाळा आणि माणसे ओळखू येतील असे तपशील या लेखात गाळले आहेत. २०२०-२१ या शालेय वर्षात तेथील मोठ्या शिशुगटात पाच ते सहा वर्षांची २६ मुले होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची घरे मासेमारीवर चालत होती आणि उरलेल्यांची नारळी-पोफळीच्या वाड्यांवर, रिक्षावर किंवा लहानसहान दुकानांवर. वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मुले ‘ताई’ म्हणत, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. मी बालशिक्षणाचे काम करणाऱ्या एका गटातर्फे अशा काही वर्गांना सल्ला देत होते. या प्रकरणातील पहिला फसलेला सल्ला माझाच होता, हे आधीच नोंदवलेले बरे.

या वर्गाची दर वर्षी जानेवारीत मुंबईला, भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या राणीच्या बागेत, सहल जात असे. जुलै २०१६ मध्ये तेथे दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. त्यानंतर या सहलीचे नावच गावात ‘पेंग्विनची सहल’ पडले. मोठ्या भावंडांनी काचेला नाक लावून काढलेले फोटो घरोघरी होते आणि आपली पाळी केव्हा येते याची धाकटी मुले वर्षभर वाट पाहत असत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राणीची बागही बंद झाली. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. वर्गातल्या कित्येक घरांचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज अनेक आठवडे आली नाही. जुलैत वीज स्थिरावल्यावर ताईंनी पालकांशी बोलणे सुरू केले, तेव्हा सहल यंदा होणार नाही हे मुलांना कसे सांगायचे, हा प्रश्न बऱ्याच आयांनी विचारला. सहल प्रत्यक्ष नेता येत नसेल तर पडद्यावरून नेऊ, असे ताईंनी ठरवले.

अडचण

ही कल्पना सोपी वाटली, कारण त्या काळात जगभरातील प्राणिसंग्रहालये आणि मत्स्यालये आपली दारे बंद ठेवून कॅमेरे उघडत होती. शिकागोच्या शेड मत्स्यालयाने रिकाम्या दालनांतून फिरणाऱ्या पेंग्विनांची चित्रफीत मार्च २०२० मध्ये प्रसृत केली होती आणि ती आमच्या गावातल्या पालकांच्या गटातही फिरून गेली होती. दाखवण्यासारखे साहित्य अमाप होते. ते मुलांपर्यंत पोचवण्यात मात्र दोन अडचणी होत्या आणि त्यांपैकी एकच आम्हाला सुरुवातीला दिसली.

दिसलेली अडचण फोनची होती. २६ घरांपैकी १९ घरांत स्मार्टफोन होता, पण बहुतेक ठिकाणी तो वडिलांचा. आम्ही बेत आखला तो जुलैत, मासेमारीबंदी चालू असताना, वडील आणि फोन दोघेही घरी असण्याच्या दिवसांत. प्रत्यक्ष कार्यक्रम ठेवला तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. १ ऑगस्टला बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर निम्मे फोनही गेले होते. किनाऱ्यावरच्या गावात काम करताना हे आधी सुचायला हवे होते.

न दिसलेली अडचण मुलांच्या डोक्यातल्या पेंग्विनची होती, आणि ती पहिला प्रयत्न फसल्यावरच समोर आली.

पहिला प्रयत्न

माझ्या सल्ल्यानुसार ताईंनी चाळीस मिनिटांचे गूगल मीट ठेवले. आपल्या पडद्यावर त्यांनी गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधील अंटार्क्टिकाजवळच्या हाफ मून बेटाचे दृश्य उघडले. २०१० पासून उपलब्ध असलेल्या या दृश्यात हनुवटीखाली काळी रेघ असलेले चिनस्ट्रॅप पेंग्विन उभे दिसतात आणि बोटाने चित्र फिरवून चहूकडे पाहता येते. मोठ्या संगणकावर हा अनुभव विलक्षण आहे. हातभर दूर धरलेल्या फोनवर, अडखळत येणाऱ्या नेटवर्कवर, दुसऱ्याने फिरवलेले तेच चित्र म्हणजे काही काळे ठिपके आणि सतत हलणारी जमीन एवढेच उरले. अकरा घरे जोडली गेली होती. दहाव्या मिनिटाला त्यांतली चार गळाली, दोन मुलांना गरगरले, आणि ताईंना जवळजवळ सगळा वेळ एकटीनेच बोलावे लागले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ‘पेंग्विन कुठे राहतो ते काढा’ असे सांगितले आणि चौदा चित्रांचे फोटो आले. बहुतेकांत बर्फाची अर्धगोल घरे होती आणि सहा चित्रांत पेंग्विनच्या शेजारी पांढरे अस्वल होते. पांढरे अस्वल उत्तर ध्रुवाकडचे आणि पेंग्विन मुख्यतः दक्षिण गोलार्धातला, त्यामुळे निसर्गात त्यांची गाठ कधी पडत नाही. मुलांनी हे चित्र आदल्या दिवशीच्या सहलीतून नव्हे, तर कार्टूनमधून उचलले होते, आणि आमच्या चाळीस मिनिटांनी त्याला धक्काही लागला नव्हता.

खरी जागे करणारी गोष्ट मात्र एका वेगळ्याच चित्रात होती. त्यात पेंग्विन एका चौकोनी पेटीत, बर्फाच्या तुकड्यांमध्ये उभा होता आणि त्याच्या आजूबाजूला मासे आडवे पडलेले होते. ताईंनी त्या मुलाला फोनवर विचारले की पेंग्विन बर्फात का राहतो. उत्तर आले, “मासे नासू नयेत म्हणून.” त्यांनी आणखी पाच-सहा मुलांना तोच प्रश्न विचारला आणि त्यांतल्या तिघांचे उत्तर जवळजवळ हेच होते. बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडून होडीत भरलेल्या पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने बर्फाचा उपयोग तोच आहे. या उत्तरातली तर्कसंगती आम्हाला अस्वलांपेक्षा कितीतरी मोलाची वाटली, कारण प्राणी एखाद्या ठिकाणी काही कारणाने राहतो, आणि ते कारण खाण्याशी जोडलेले असते, हे त्या मुलाला आपोआप कळले होते.

विचारात घेतलेले पर्याय

ऑगस्टच्या अखेरीस ताई, मुख्याध्यापिका आणि मी पुन्हा बसलो, अर्थात फोनवरच. विषय सोडून देणे हा पहिला पर्याय होता आणि मुख्याध्यापिकांचा कल तिकडे होता, कारण वादळानंतर कित्येक मुले रात्री दचकून उठत होती आणि अशा वेळी कुठल्या परदेशी पक्ष्यात वेळ घालवावा, असे त्यांना वाटत होते. दुसरा पर्याय चांगल्या चित्रफितींचे दुवे पालकांना पाठवून देण्याचा. तो स्वस्त होता, पण सगळे निवेदन इंग्रजीत, आणि मुलाशेजारी बसून ते उलगडून सांगायला घरात कोणी मोकळे असेलच असे नाही. तिसरा पर्याय तीन-चार मिनिटांचे तुकडे निवडून, त्यांवर ताईंनी आपल्या आवाजात मराठीत बोलून, ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे. फोन रात्री घरी आला की पाहायचे. आणि दर शनिवारी शाळेच्या फाटकावर पालकांना त्या आठवड्याच्या कृतीचे पाकीट द्यायचे. थेट प्रक्षेपण ठेवायचेच झाले तर एकदाच.

आम्ही तिसरा पर्याय घेतला. त्याहून अवघड निर्णय होता तो कोणत्या पेंग्विनपासून सुरुवात करायची हा.

पेंग्विनच्या आज हयात असलेल्या अठरा जाती आहेत, आणि त्यांतल्या थोड्याच अंटार्क्टिकाच्या भूमीवर वीण घालतात. उरलेल्यांची घरे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर पसरलेली आहेत, आणि गॅलापागोसचा पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतो. माझे म्हणणे होते की मुलांना ठाऊक असलेल्या बर्फापासून निघावे आणि मग हळूहळू उन्हाकडे यावे. ताईंचे म्हणणे उलटे होते: ज्याला भेटायचे ठरले होते तो राणीच्या बागेतला पेंग्विन हम्बोल्ट आहे, तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, आणि त्याच्या गावी बर्फ पडत नाही, तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच व्हावी. बर्फापासून निघालो तर हम्बोल्टला मुले अपवाद समजतील, असे त्यांना वाटत होते. ताईंचे ऐकले.

दुसरा निर्णय शब्दांचा. ‘अधिवास’ हा पाठ्यपुस्तकी शब्द पाच वर्षांच्या मुलासाठी जड आणि ‘घर’ हा शब्द फसवा, कारण घर म्हटले की मुले भिंती आणि छप्पर काढतात, आणि त्या वर्षी छपराचा विषय तर फारच हळवा होता. ताईंनी प्रत्येक ठिकाणासाठी दोनच प्रश्न ठरवले: याला मासे कुठे मिळतात, आणि हा अंडे कुठे ठेवतो. अधिवासाची पाच वर्षांच्या मुलाला पेलेल अशी याहून चांगली फोड मला आजवर सुचलेली नाही.

केलेली कार्यवाही

पहिल्या पाकिटात सुतळीचे तीन तुकडे होते: एक ३३ सेंटिमीटरचा, एक सुमारे ६८ चा आणि एक ११५ चा. हे अनुक्रमे लिटल पेंग्विन, हम्बोल्ट आणि एम्परर यांच्या उंचीचे माप. मुलांनी ते भिंतीला लावून आपल्याशी मोजले. फोनच्या पडद्यावर प्रत्येक पेंग्विन बोटाएवढाच दिसतो, ही आभासी सहलीची मोठी उणीव सुतळीने भरून काढली. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांपेक्षा एम्परर उंच निघाला, आणि हे पुढे अनेक दिवस घरोघरी सांगितले गेले.

हम्बोल्टच्या आठवड्यात ताईंनी पेरूच्या किनाऱ्याचे दोन छोटे तुकडे पाठवले. तेथे जमीन वाळवंटी आणि रखरखीत, पण किनाऱ्याला लागून वाहणारा हम्बोल्ट प्रवाह थंड, आणि खोल पाण्यातून वर येणाऱ्या अन्नद्रव्यांमुळे मासळीने गच्च भरलेला. हे सांगण्यासाठी कृती अशी दिली की अंगणात उन्हाने तापलेल्या दगडावर बसायचे आणि पाय गार पाण्याच्या बादलीत सोडायचे. हा पेंग्विन अँकोव्ही आणि तारलीच्या जातीचे छोटे मासे खातो, हे कळल्यावर मुलांनी त्याला लगेच आपल्यातला मानले, कारण अँकोव्हीच्या कुळातली मांदेली त्यांच्या ताटात असते. अंड्याचे उत्तर त्यांना अधिक रंजक वाटले. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे जे जाड थर साचतात, ज्यांना ग्वानो म्हणतात, त्यांत हा पक्षी बीळ उकरतो. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर मोठ्या प्रमाणावर खणून नेले गेले आणि पेंग्विनांच्या बिळांची जागाच गेली. ताईंनी मुलांना यातले एवढेच सांगितले की माणसांनी ती माती शेतासाठी नेली.

येथेच पहिला अडथळा आला. दोन मुलांनी ठामपणे सांगितले की हा खोटा पेंग्विन आहे, कारण खरा बर्फात राहतो. एका मुलीने तर उलटतपासणी केली की याला ऊन चालते, तर राणीच्या बागेत त्याला एसी कशाला. प्रश्न अगदी रास्त होता. ताईंनी उत्तर दिले की त्याच्या गावचा समुद्र गार आहे आणि आपला समुद्र कोमट, म्हणून भायखळ्याला त्याची खोली १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. बर्फाचा हट्ट मात्र एका आठवड्यात सुटला नाही, आणि येथे माझ्या क्रमात काही तथ्य होते, असे मला अजूनही वाटते.

थेट प्रक्षेपणासाठी आम्ही ऑस्ट्रेलियातील फिलिप बेट निवडले. त्यामागचे मुख्य कारण घड्याळ होते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाचा पेंग्विन कॅमेरा प्रसिद्ध आहे, पण आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा तेथे आदल्या दिवसाची रात्र असते. फिलिप बेटावर सूर्यास्तानंतर समुद्रातून परतणाऱ्या लिटल पेंग्विनांचे थेट प्रक्षेपण ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाले होते, आणि सप्टेंबरअखेर तेथला सूर्य आपल्याकडे दुपारी पावणेदोनच्या सुमारास मावळतो. त्या दिवशी ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी शेजारच्या मुलांनाही ओटीवर अंतर ठेवून बसवले.

सुरुवातीची वीस मिनिटे पडद्यावर काळोखी वाळू आणि लाटा यांखेरीज काही दिसले नाही. मला वाटले की आता मुले उठून जातील. ती गेली नाहीत. नंतर एका आजीने ताईंना सांगितले की होडी यायची वाट बघतात तशीच पोरे बसली होती. मग लाटेतून आठ-दहा ठिपके एकत्र वर आले, थबकले, पुन्हा पाण्यात गेले आणि तिसऱ्या खेपेला घोळक्याने वाळू ओलांडून झुडपांतल्या बिळांकडे पळाले. शिकारी पक्ष्यांची नजर चुकवायला ते अंधारात आणि घोळक्याने येतात, हे ताईंना सांगावेच लागले नाही; “एकटा आला तर पकडतील” असे एका मुलाने स्वतःहून म्हटले.

शेवटी एम्परर. नर पेंग्विन अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ काही न खाता पायांवर अंडे पेलून उभा राहतो, हे सांगून चिंध्यांचा चेंडू पावलांवर ठेवून चालण्याचा खेळ दिला. अनेक ठिकाणी मुलांबरोबर वडीलही तो खेळले. थंडी सोसण्याच्या भागासाठी आंतरजालावर सर्वत्र एकच कृती सुचवलेली आढळते: पिशवीत तूप किंवा डालडा भरून त्यात हात घालायचा आणि तो हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. ती आम्ही जाणीवपूर्वक टाळली. देवमासा किंवा सील यांच्यासाठी ती ठीक आहे, पण पेंग्विनला उबदार ठेवण्याचा मोठा वाटा दाट पिसांचा आणि त्यांच्याखाली कोंडलेल्या हवेचा आहे. त्याऐवजी कोंबडीच्या दोन पिसांपैकी एकाला खोबरेल तेल चोळून दोन्हींवर पाण्याचे थेंब टाकायला सांगितले. शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावणारा पक्षी मुलांनी अंगणातल्या कोंबडीतच पाहिला.

दोन गोष्टी न सांगण्याचा निर्णय

निवडलेल्या एका चित्रफितीत स्कुआ नावाचा पक्षी पेंग्विनचे अंडे पळवतो. वादळानंतरची मुलांची मनःस्थिती पाहून ताईंनी तो भाग कापला. एका वडिलांनी मूळ चित्रफीत शोधून मुलीला पूर्ण दाखवली. ती रडली नाही. स्कुआच्या पिल्लांना काय मिळते, एवढेच तिने विचारले. रोज मासे कापलेले पाहणाऱ्या मुलांना आम्ही गरजेपेक्षा अधिक जपले होते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. फिलिप बेटावर पेंग्विनांच्या बिळांच्या जागी माणसांची वसाहत झाली होती. राज्य सरकारने १९८५ पासून समरलँड द्वीपकल्पावरची घरे आणि भूखंड विकत घ्यायला सुरुवात केली, २०१० मध्ये हे काम पुरे झाले, आणि जमीन पुन्हा पेंग्विनांना मोकळी केली गेली. अधिवास म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा नेमके उदाहरण मिळणे कठीण. पण थेट प्रक्षेपणाच्या दिवशी ज्याच्या घरावर अजून ताडपत्री होती अशा एका मुलाने विचारले होते, “त्यांची बिळं पण उडाली का वादळात?” माणसांची घरे पक्ष्यांसाठी काढली, हे त्या मुलांना त्या वर्षी सांगू नये, असे ताईंनी ठरवले. मी तेव्हा सहमत होते.

परिणाम

नोव्हेंबरात दिवाळीपूर्वी पुन्हा तेच चित्र काढायला सांगितले. या वेळी २१ चित्रे आली. बर्फाची घरे तीन चित्रांत उरली आणि पांढरे अस्वल दोन चित्रांत. नऊ मुलांनी बीळ काढले होते, बहुतेकांनी समुद्र आणि मासे, आणि चार चित्रांत पेंग्विनशेजारी माप म्हणून मुलाने स्वतःला उभे केले होते. मासे नासू नयेत म्हणून बर्फ, ही समजूत मात्र दोघांच्या बोलण्यात कायम होती. पाच मुले शेवटपर्यंत या उपक्रमात येऊ शकली नाहीत, कारण त्यांच्या घरी फोन नव्हता किंवा कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले होते. त्यांना सुतळी आणि पिसे मिळाली, पण लाटांतून वर येणारे पेंग्विन पाहायला मिळाले नाहीत.

एका पालकांनी विचारले की तिकडे बर्फात आपले कोणी असते का. त्यामुळे अंटार्क्टिकातील मैत्री आणि भारती ही भारताची संशोधन केंद्रे आणि त्यांचे काम पाहणारी, गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय संस्था यांची माहिती मोठ्यांच्या गटात सांगितली गेली. हे बेतात नव्हते.

राणीची बाग फेब्रुवारी २०२१ मध्ये काही काळ उघडली, तेव्हा वर्गातली एक मुलगी मामाबरोबर जाऊन आली. परत येऊन तिने ताईंना फोनवर दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली: त्याला मासे बादलीतून मिळतात, आणि अंडे कुठे ठेवतो ते काचेतून दिसले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिले चित्र सहलीनंतर नव्हे, आधी काढून घ्यायला हवे होते. मुलांच्या डोक्यात कोणता पेंग्विन आहे हे ऑगस्टच्या पहिल्या दिवशीच कळले असते, तर चाळीस मिनिटांच्या मीटचा घाट आम्ही घातला नसता आणि पेटीतल्या बर्फापासून थेट सुरुवात करता आली असती. बंदरावरचा बर्फ समुद्राच्या पाण्यापासून बनवतात का, गोड्या पाण्यापासून, आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ कुठून येतो, हा धागा मुलांनी हाती दिला होता आणि आम्ही तो सोडून दिला. वेळापत्रक मासेमारीच्या हंगामाशी जुळवून थेट प्रक्षेपण जुलैत ठेवणे मात्र शक्य नव्हते, कारण ते तेव्हा सुरूच झालेले नव्हते. निदान घरचे तुकडे तरी बंदीच्या दिवसांत पाठवता आले असते.

ठिकाणांच्या क्रमाबाबत ताईंचे आणि माझे अजून एकमत नाही. पुढच्या तुकडीबरोबर त्यांनी हम्बोल्टपासूनच सुरुवात केली, पण पहिल्याच दिवशी बर्फाचा आणि उन्हाचा असे दोन पेंग्विन शेजारी ठेवले, आणि खोट्या पेंग्विनची तक्रार कोणी केली नाही.

समरलँडची गोष्टही त्यांनी त्या तुकडीला सांगितली. तोवर गावातली बहुतेक छपरे घालून झाली होती. मुलांनी ती शांतपणे ऐकली आणि मग एकाने विचारले की ती माणसे मग कुठे राहायला गेली. सरकारने त्यांना घराचे पैसे दिले, हे ताईंनी सांगितले. ते पुरेसे होते का, हा मुलाचा पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर त्या दिवशीचा वर्ग संपेपर्यंत मुले आपापसांत बोलत राहिली.